विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा

एसटीत चढताच 'मला विंडो सीट हवी' असा हट्ट धरणाऱ्या मुलाला आपण इंग्रजी शब्द वापरत आहोत याची जाणीवही नसते, इतका 'विंडो' मराठी घरांत रुळला आहे. मुळात मात्र तो इंग्रजीनेही बाहेरूनच घेतला आहे. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेत 'विंदाउगा' असा शब्द होता. त्यातील 'विंद्र' म्हणजे वारा आणि 'आउगा' म्हणजे डोळा. त्यांच्या लाकडी घरांना काचेची तावदाने नव्हती. प्रकाश आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून ठेवलेल्या उघड्या झरोक्याला वाऱ्याचा डोळा म्हणणे अगदी यथार्थ होते.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी लिखाणात हा शब्द आढळतो. त्यापूर्वी इंग्रजीत खिडकीसाठी 'डोळ्याचे भोक' अशा अर्थाचा जोडशब्द होता. तो लोपला, पण त्यातील भोक दाखवणारा भाग 'नॉस्ट्रिल', म्हणजे नाकपुडी, या शब्दात आजही टिकून आहे. लॅटिन 'फेनेस्त्रा'वरून फ्रेंचमार्गे आलेला 'फेनेस्टर'ही सोळाव्या शतकापर्यंत इंग्रजीत वावरत होता. अखेर टिकला तो वाऱ्याचा डोळाच.

मला या व्युत्पत्तीचे विशेष अप्रूप वाटते, कारण संस्कृतातही खिडकीकडे याच दोन बाजूंनी पाहिले गेले आहे. 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट आणि 'गवाक्ष' म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा. 'वात' आणि 'विंद्र' एकाच प्राचीन धातूपासून आलेले असून 'अक्षि' आणि 'आउगा' यांचे मूळही सामान्यतः एकच मानले जाते. म्हणजे 'विंडो'चा पूर्वार्ध वातायनाचा आणि उत्तरार्ध गवाक्षाचा सगोत्र ठरतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील नालाकृती भव्य गवाक्षातून आतल्या स्तूपाकडे जाणारा उजेड ज्यांनी पाहिला असेल, त्यांना खिडकीला डोळा का म्हटले असावे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पुढे या शब्दाला भिंतीचीही गरज उरली नाही. संगणकाच्या पडद्यावरील चौकटींना 'विंडो' म्हणण्याची पद्धत 1970च्या दशकातील संशोधनातून रूढ झाली आणि 1985 साली मायक्रोसॉफ्टने आपली प्रणालीच त्या नावाने बाजारात आणली. मला त्याहून अधिक मोलाचा वाटतो तो त्याचा कालवाचक अर्थ. पृथ्वी आणि मंगळ यांची परस्परस्थिती अनुकूल होऊन कमी इंधनात यान पाठवण्याची संधी साधारण 26 महिन्यांनी येते. त्या कालावधीला 'लाँच विंडो' म्हणतात आणि 5 नोव्हेंबर 2013 रोजी मंगळयान अशाच एका विंडोत झेपावले. येथे 'मुदत' म्हटले तर केवळ शेवट सूचित होतो आणि 'मुहूर्त' म्हटले तर शुभाशुभाची छटा येते. उघडणे आणि मिटणे या दोन्ही क्रिया 'खिडकी'त मात्र आहेत. 'तिकीटखिडकी' आणि 'एक खिडकी योजना' या शब्दप्रयोगांनी तिला नवे अर्थ पेलता येतात हे दाखवून दिलेच आहे; त्यामुळे 'प्रक्षेपणाची खिडकी' असे मी तरी निःसंकोचपणे लिहितो.