लाँग आयलंड मोटर पार्कवे : शर्यतीसाठी बांधलेल्या रस्त्याच्या मागावर

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला समुद्रात आडवं पसरलेलं लाँग आयलंड बहुतेक पाहुण्यांना समुद्रकिनाऱ्यांमुळे माहीत असतं. मी तिथे गेले ती एका रस्त्यासाठी. लाँग आयलंड मोटर पार्कवे हा केवळ मोटारींसाठी बांधलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या रस्त्यांपैकी एक. घोडागाडीला प्रवेश नाही, वाटेत रेल्वेचं एकही फाटक नाही, एकही चौक नाही, आणि आत शिरायचं तर टोल. १९०८ साली सुरू झाला, १९३८ साली बंद पडला. तो आज सलग कुठेच नाही, पण तुकड्यातुकड्यांनी अजून सापडतो. हे तुकडे तीन काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत आहेत आणि प्रत्येक काउंटीत त्याचं वेगळं काही झालं आहे. क्वीन्समध्ये तो सायकलमार्ग झाला, नासाऊत जवळजवळ पुसला गेला, सफोकमध्ये त्याच्यावरून आजही गाड्या जातात. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे, याच क्रमाने जावं.

आधी हा रस्ता बांधावा का लागला ते सांगते, नाहीतर क्वीन्सचे पूल पाहून काहीच कळणार नाही.

विल्यम किसम व्हँडरबिल्ट (दुसरा) हा रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्टचा पणतू. जानेवारी १९०४ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूवर त्याने मर्सिडीज ताशी ९२.३ मैलांनी, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर वेगाने पळवून विक्रम केला. शर्यतीच्या गाड्यांत युरोप फार पुढे आहे आणि अमेरिकन कारखान्यांना जागं करायचं तर युरोपीय गाड्या इथे बोलावून त्यांच्याशी टक्कर लावली पाहिजे, हा त्याचा हिशेब. त्याने चांदीचा मोठा चषक ठेवला आणि ८ ऑक्टोबर १९०४ रोजी लाँग आयलंडच्या सार्वजनिक रस्त्यांवर पहिली व्हँडरबिल्ट कप शर्यत झाली. २८.४ मैलांचा त्रिकोण, दहा फेऱ्या. जॉर्ज हीथने पानार्ड गाडीतून ती जिंकली, सरासरी ताशी ५२ मैल.

रस्ते होते मातीचे. धूळ बसावी म्हणून त्यांवर खनिज तेल ओतलेलं. वाटेत हिक्सव्हिल आणि हेम्पस्टेड ही दोन गावं होती, आणि तिथून पूर्ण वेगात जाणं अशक्य होतं. म्हणून या दोन्ही ठिकाणी गाडी थांबवून, हळू चालवत गावाबाहेर काढायची. हिक्सव्हिलला तीन मिनिटं, हेम्पस्टेडला सहा. ही नऊ मिनिटं हिशेबातून वगळायची. दहा फेऱ्यांत नव्वद मिनिटं झाली. म्हणून हीथच्या दोन वेळा नोंदलेल्या सापडतात : एक सुमारे साडेपाच तासांची, दुसरी सातला थोडी कमी. दोन्ही बरोबर आहेत. फरक बरोब्बर दीड तासाचा.

शर्यतीच्या गाडीत दोघं बसत. चालक आणि त्याच्या डावीकडे मेकॅनिक. मेकॅनिक म्हणजे नुसता सोबती नव्हे. टाकीतला दाब हातपंपाने टिकवणं, इंजिनला तेल देणं, मागून कोण येतंय ते सांगणं आणि सतत मागच्या टायरांकडे नजर ठेवणं ही त्याची कामं. टायर हाच सगळ्यात कच्चा दुवा होता. गाडीचं वजन, खडी उघडी पडलेली वळणं आणि वेग, यांच्यापुढे त्या काळचं रबर टिकत नसे. टायर चाकाच्या धावेवर घट्ट बसलेला असे. फुटला की सुरीने कापून काढायचा, नवा हाताने ओढून चढवायचा, मग हवा भरायची. उत्तम गाडीही यात शर्यत हरे. १९०६ साली लोकोमोबिल या अमेरिकन कंपनीच्या गाडीचं तसंच झालं : जो ट्रेसीने त्या दिवसातली सर्वांत वेगवान फेरी घेतली, पण टायरांनी तिला मागे खेचलं. जिंकला लुई वाग्नर, दराक गाडीतून.

त्याच १९०६ च्या शर्यतीत खरी अडचण उघडी पडली. लाखांहून जास्त लोक आले होते. वळणांवर गर्दी थेट रस्त्यात उतरे, गाडी अंगावर आली की फाके आणि लगेच पुन्हा मिटे. एक प्रेक्षक गाडीखाली मेला. १९०७ साली शर्यत झालीच नाही. व्हँडरबिल्ट आणि त्याच्या सोबत्यांनी खाजगी कंपनी काढून स्वतःचाच रस्ता बांधायचं ठरवलं. शर्यतीच्या दिवशी शर्यत, उरलेलं वर्ष श्रीमंत मोटारवाल्यांना धुळीविना प्रवास. ६ जून १९०८ रोजी कुदळ मारली, आणि त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला पहिला टप्पा खुला झाला.

आता क्वीन्स. सबवेने क्यू गार्डन्स–युनियन टर्नपाइक स्थानकावर उतरा, वर येऊन युनियन टर्नपाइकने पूर्वेला जाणारी क्यू-४६ बस घ्या आणि कनिंगहॅम पार्कला उतरा. सायकल असेल तर फारच उत्तम, पण पायीही दीड तासात होतं. कनिंगहॅम पार्कपासून अ‍ॅली पाँड पार्कच्या विंचेस्टर बुलेव्हार्डपर्यंतचा हा तुकडा सुमारे अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरचा आहे. १९३८ साली मुख्य रस्ता बंद झाला त्याच उन्हाळ्यात तो सायकलमार्ग म्हणून उघडला. आता वर डांबर आहे.

थांबून पाहायचे ते पूल. ७३ वी अ‍ॅव्हेन्यू, हॉलिस हिल्स टेरेस आणि स्प्रिंगफिल्ड बुलेव्हार्ड हे तिन्ही रस्ते या मार्गाच्या खालून जातात. पुलावरून चालताना काही जाणवत नाही, झाडीत थोडी उंची वाढल्यासारखं वाटतं एवढंच. म्हणून बाजूने खाली उतरा आणि खालच्या रस्त्यावरून वर पाहा. काँक्रीटचा जाड, बुटका कठडा आणि त्याखालची अरुंद वाट दिसेल. या मार्गाने बांधलेल्या पुलांची संख्या ६५ सांगतात. १९०८ साली अमेरिकेत बहुतेक रस्ते एकमेकांना आणि रेल्वेला सपाटीवरच छेदत होते. इथे प्रत्येक आडवा रस्ता वरून किंवा खालून काढला. कित्येक पूल तर केवळ शेतकऱ्याला आपल्या तोडलेल्या शेताच्या पलीकडच्या भागात गुरं आणि गाडी नेता यावी म्हणून बांधले. माझ्या मते या रस्त्याचं खरं मोल शर्यतीत नाही, या पुलांत आहे. आज पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर आपण एकही चौक न लागता जातो तेव्हा आपण हीच कल्पना वापरत असतो, फक्त सहा पदरी.

पुढचं पाहायचं ते रुंदी. मार्ग बहुतांश २२ फूट रुंद होता, म्हणजे पावणेसात मीटर. येणारी आणि जाणारी गाडी यातच. १९०८ साली हे ऐसपैस होतं. वळणांना बाहेरची कड उचललेली होती, जेणेकरून वेग कमी न करता गाडी फिरावी. पण वळणं फार आहेत, आणि त्यांचं कारण अभियंत्याच्या आवडीत नाही : जमीनमालकाने जागा दिली तिथून रस्ता गेला, नाकारली तिथून वळला. अ‍ॅली पाँडच्या टेकड्यांत हे चांगलं कळतं. तिथे उतारावर वळण येतं आणि पुढचं काही दिसत नाही. सायकलवाल्यांनी ब्रेक आधीच तपासून घ्यावेत.

जायचं तर नोव्हेंबर ते मार्च. पानं गळल्यावरच कडेचे जुने काँक्रीटचे कुंपणखांब दिसतात. उन्हाळ्यात त्यांवर पॉयझन आयव्ही चढते. तीन-तीन पानांचा झुबका दिसला की हात लावू नका, अंगावर फोड उठतात. गवतात गोचीडही असते, पायजमा मोज्यात खोचावा.

क्वीन्सनंतर गाडी लागते. नासाऊ काउंटीत सुरुवात गार्डन सिटीच्या सेव्हन्थ स्ट्रीटवरून करा. तिथे रस्त्याचं जुनं टोलघर उभं आहे. ही त्याची मूळ जागा नव्हे. ते क्लिंटन रोडवर होतं, १९८९ साली उचलून इथे आणलं, आता त्यात गावच्या व्यापारी मंडळाचं कार्यालय आहे. नीट पाहा : ती टोलची खोपटी नाही, चांगलं राहतं घर आहे. टोल घेणारा आपल्या कुटुंबासह तिथेच राहायचा, कारण गाडी कोणत्याही वेळी यायची. अशी काही टोलघरं जॉन रसेल पोपने आखली. वॉशिंग्टनचं जेफरसन स्मारक याच वास्तुकाराचं.

टोल सुरुवातीला दोन डॉलर होता. त्याच ऑक्टोबरात बाजारात आलेल्या फोर्ड मॉडेल टीची किंमत ८५० डॉलर होती, त्यावरून दोन डॉलर म्हणजे किती याचा अंदाज करा. १९१२ साली दीड डॉलर केला, १९१७ साली एक, आणि शेवटी १९३८ साली ४० सेंट. तोवर फार उशीर झाला होता.

गार्डन सिटीच्या पूर्वेला हेम्पस्टेडचं माळरान. इथेच २४ ऑक्टोबर १९०८ ची कप शर्यत झाली, २३.४६ मैलांची फेरी, अकरा वेळा. फेरीतला काही भाग नव्या काँक्रीटवर, उरलेला अजून मातीच्या रस्त्यांवर. जॉर्ज रॉबर्टसन १६ क्रमांकाच्या लोकोमोबिलमध्ये होता, तीच ट्रेसीची १९०६ ची गाडी. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास सव्वासात इंच आणि आतल्या दट्ट्याची धाव सहा इंच. एकूण सोळा लिटरांहून मोठं इंजिन. शेवटच्या टप्प्यात टायर गेला, तरी तो चार तासांपेक्षा किंचित जास्त वेळात, ताशी ६४ मैलांच्या सरासरीने पहिला आला. अमेरिकन गाडीने हा चषक जिंकायची ती पहिली वेळ. ही गाडी आजही आहे, डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात, आणि तिचा रंग मुद्दाम पुन्हा केलेला नाही.

१९०९ आणि १९१० साली फेरी १२.६४ मैलांवर आणली, २२ फेऱ्या. पार्कवेचा वाटा त्यात ५.१५ मैल, बाकी सार्वजनिक रस्ते. इथेच योजना फसली. गर्दी आवरण्यासाठी खाजगी रस्ता बांधला, पण पूर्ण वर्तुळ बांधायला पैसा नव्हता, त्यामुळे निम्म्याहून जास्त फेरी जुन्याच उघड्या रस्त्यांवर राहिली. दोन्ही वर्षी हॅरी ग्रँट अल्को गाडीतून जिंकला. १९१० साली मात्र चार जणांचा बळी गेला. त्यानंतर लाँग आयलंडच्या रस्त्यांवर ही शर्यत पुन्हा झाली नाही. चषक जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाला गेला. १९३६ साली ही शर्यत लाँग आयलंडवर परतली ती रूझवेल्ट रेसवेच्या बंदिस्त आवारात, आणि इटालियन चालक ताझिओ नुव्होलारीने जिंकली.

नासाऊत रस्ता शोधायचा तर डांबर पाहू नका, वर पाहा. लेविटाउन, ईस्ट मेडो या भागांत घरांच्या रांगांमधून विजेच्या मोठ्या तारांचा पट्टा तिरका जातो. घरं एका दिशेत, तारा दुसऱ्याच दिशेत. रस्ता बंद झाल्यावर जी जागा मोकळी राहिली तिच्यावरून तारा नेल्या, बाकी जागेवर १९४७ नंतर वसाहती उठल्या. काही ठिकाणी हा पट्टा खाजगी आवारात आहे, तिथे शिरू नका. आडव्या रस्त्यांवरून दोन्हीकडे पाहिलं की रेघ कळते.

जेवायला हिक्सव्हिल. १९०४ साली गाड्या जिथे तीन मिनिटं थांबत तिथे आज भारतीय किराणा आणि खानावळी ओळीने आहेत. लाँग आयलंडवरचे मराठी लोक आठवड्याचं सामान भरायला इथेच येतात, आणि बहुतेकांना आपण शर्यतीच्या वाटेवर गाडी लावतो हे माहीत नसतं.

सफोकमध्ये काही शोधावं लागत नाही. डिक्स हिल्सपासून रॉनकॉनकोमापर्यंत हा मार्ग काउंटी रोड ६७ म्हणून चालू आहे, पाट्यांवर अजून ‘मोटर पार्कवे’. आय-४९५ महामार्गाने येत असाल तर ५५ क्रमांकाचा फाटा. पण तो फाटा हॉपॉगजवळ उघडतो, तिथे रस्ता रुंद केलेला आहे, कचेऱ्या आणि हॉटेलं आहेत. जुनं काही दिसत नाही. त्यापेक्षा डिक्स हिल्सहून शिरा. तिथे दोनच पदर, चढउतार, एकामागून एक वळणं. मूळ आखणी हीच. मात्र आता दोन्हीकडून घरांचे रस्ते येऊन मिळतात, तेव्हा १९०८ चा वेग मनात आणू नका.

याच वळणांवर रस्ता हरला. दारूबंदीच्या काळात चोरटी दारू नेणाऱ्यांना तो सोयीचा वाटे म्हणतात, पण सामान्य गाडीवाल्याला १९३० च्या दशकात शेजारीच नॉर्दर्न स्टेट पार्कवे मिळाला. तो न्यूयॉर्कचे रस्ते आणि उद्यानं उभारणारा सरकारी अधिकारी रॉबर्ट मोझेस याचा. जास्त रुंद, वळणं सौम्य, टोल नाही. कंपनीचे सुमारे ८०,००० डॉलरचे कर थकले आणि त्यांच्या बदल्यात रस्ता सरकारकडे गेला.

मूळ बेत रिव्हरहेडपर्यंतचा होता, सुमारे ७० मैल. बांधून झाले जेमतेम ४५. रॉनकॉनकोमात रोझव्हेल अ‍ॅव्हेन्यूला पाटी संपते, आणि तळं तिथून अगदी जवळ आहे. त्या काळी गाड्या इथवर येत, तळ्याकाठच्या पेटीट ट्रायनॉन खानावळीत जेवत आणि त्याच रस्त्यावरून परत फिरत. परतीसाठी रॉनकॉनकोमा स्थानकावरून न्यूयॉर्कला थेट रेल्वेगाडी मिळते.