पाचही बोटांनी मतदान

"सर, तुमचे बोटं जांभये काहून?" एसटीच्या थांब्यावर, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी विचारतंच. एका काकांनी तर "पाचही बोटांनी मतदान केलं का मास्तर?" म्हणून अख्खा पानठेला हसवला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मतदानाची शाई सिल्व्हर नायट्रेटची असते. माझा डाग निनहायड्रिनचा, म्हणजे अमिनो आम्लं दाखवून देणाऱ्या रसायनाचा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. कागदावर अमिनो आम्लांचे (प्रथिनं ज्यांची बनतात ती) ठिपके देऊन कड ब्युटॅनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवली की ल्यूसिन वर पळतं, ग्लायसिन मागं रेंगाळतं. पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. निनहायड्रिन फवारून कागद तापवला की जांभळे ठिपके उमटतात. रसायनशास्त्रज्ञ रुहेमान यांना हा रंग १९१० साली सापडला. यातली गंमत अशी, की आम्ल कोणतंही असो, रंग जवळपास तोच. निनहायड्रिनचे दोन रेणू आम्लातला फक्त नायट्रोजन धरतात, बाकीचं सोडून देतात. म्हणून ओळख रंगावरून नाही, ठिपका किती वर चढला त्यावरून. प्रोलीन तेवढं पिवळं पडून वेगळं उठून दिसतं.

तापवायला ओव्हन आहे, पण वीज असेल तर ना! मग धोब्याची कोळशाची इस्त्री. निनहायड्रिन ज्यात विरघळवतो ते ॲसिटोन पूर्ण उडाल्यावरच हं, नाहीतर भडका. मधे कोरा कागद ठेवून फिरवायची. नुसत्या भिजवलेल्या मुगापेक्षा मोड आलेल्या मुगाच्या पाण्याचा डाग गडद येतो, कारण मोड येताना प्रथिनं तुटून अमिनो आम्लं सुटी होतात.

पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, मोठं असेल तर निनहायड्रिन फिकं पडतं, कारण मोकळी टोकं कमी. गोल जुळलेल्या पेप्टाइडला तर सहसा टोकच नसतं. तिथं मोरचूद आणि कॉस्टिक सोडा. संत्र्याच्या बागेत बोर्डोला वापरता, तोच मोरचूद. तो आम्लांना एकमेकांशी जोडणारे सांधे पकडतो. निदान दोन सांधे हवेत, तरच जांभळट रंग येतो. सुट्या आम्लाला तसा रंग नाही.

आता बोटं. घामात अमिनो आम्लं असतात, कातडीतही असतात. सकाळी थेंब उडतो, संध्याकाळी रंग चढतो आणि साबणाला दाद देत नाही. हातमोजे घालायला हवेत, पोरांना रोज सांगतो. परवा एका पोरीच्या कागदावर चार पुसट ठिपके आणि कडेला रेघारेघांसकट ठळक अंगठा. "हा माहा नाही सर," ती म्हणाली. सगळ्यांनी आपापले अंगठे जुळवून पाहिले.

माझा निघाला.