मिरीची शू-शी नोंदवही: वय ९ ते १७ आठवडे

९ वा आठवडा

मिरी, कुत्र्याचं देशी पिल्लू, मादी, वजन ३.२ किलो. पुण्यातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळीकडे व्हिट्रिफाइड फरशी, एक बाल्कनी, बाहेर जुलैचा पाऊस. लसीचा एकच डोस झालाय, त्यामुळे खाली जमिनीवर पाय टेकवायचा नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि सोसायटीच्या आवारात भटक्या कुत्र्यांचा वावर असतोच. बाहेरची ओळख सध्या कडेवरून.

आठवड्यातले घरातले ॲक्सिडेंट (नको तिथे झालेली शू-शी): २९. पहिल्या दिवशी ९, सातव्या दिवशी २.

आधी जागेचं. पिल्लू कोपरा लक्षात ठेवतं त्याहून जास्त पायाखालचा स्पर्श लक्षात ठेवतं. ही आवड साधारण सात ते नऊ आठवड्यांच्या वयात पक्की व्हायला लागते, म्हणजे नेमकं पिल्लू घरी येतं तेव्हाच. बाथरूममध्ये शू करायला शिकवलेली पिल्लं पुढे हॉलमध्ये का करतात, त्याचं उत्तर यातच आहे: बाथरूमलाही फरशी, हॉललाही फरशी. वर्तमानपत्रावर शिकवलेलं पिल्लू सकाळी सोफ्याखाली पडलेला ताजा पेपर सोडत नाही. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच वागतंय.

म्हणून गवत. ३ फूट × २ फूट, तीन इंच खोल प्लास्टिकचा ट्रे, तळाला तापवलेल्या खिळ्याने पाडलेली आठ भोकं, त्यात नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा मातीसकट. खाली दुसरा मोठा ट्रे, नाहीतर गाळलेलं पाणी थेट तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत. कोकोपीट टाळा, पिल्लं ते खातात आणि ते पोटात फुगतं. शी लगेच उचलायची, रोज संध्याकाळी अर्धी बादली पाणी ओतायचं आणि खालचा ट्रे रिकामा करायचा. पावसात ऊन नसल्याने लॉन आठ-नऊ दिवसांतच पिवळं पडून कुजकट वास मारतं. बदलताना जुन्या लॉनचा तळहाताएवढा तुकडा नव्यावर ठेवायचा. तो नसला की नवं गवत मिरीला परकं वाटतं: हुंगते, उतरते आणि दाराजवळ फरशीवर बसते.

वेळा: झोपेतून उठल्याक्षणी (चालवत नाही, उचलूनच, चालवलं तर वाटेतच होते), खाल्ल्यावर १० ते २० मिनिटांनी, खेळताना दर २० मिनिटांनी, झोपायच्या आधी. ‘वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास धरवतं’ हा ठोकताळा सगळे सांगतात. तो झोपलेल्या पिल्लाचा आहे, आणि तोही कमाल. जागं, खेळणारं दोन महिन्यांचं पिल्लू पाऊण तासही धरत नाही. आठवड्यातले निम्म्याहून जास्त ॲक्सिडेंट खेळाच्या मध्यात झाले.

बक्षीस: उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. शू पूर्ण झाल्यावर, एक-दोन सेकंदांत, ट्रेजवळच. धार चालू असताना ‘शाब्बास’ म्हटलं की पिल्लू अर्ध्यावर थांबवून खाऊकडे पळतं आणि उरलेली शू तीन मिनिटांनी गालिच्यावर.

१० वा आठवडा: ११ ॲक्सिडेंट

क्रेट (झोपायचा जाळीचा पिंजरा) ३० इंची, मध्ये जाळीचा पडदा टाकून लहान केलेला. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल, एवढीच जागा. मोठा ठेवला तर एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप. पिंजऱ्यात घाणीतच वाढलेल्या पिल्लांना मात्र ओल्या अंथरुणाचं काही वाटेनासं झालेलं असतं. त्यांच्या बाबतीत नुसत्या क्रेटवर भिस्त ठेवू नका.

रात्र: शेवटचं खाणं ८ ला, शेवटची फेरी ११ ला, गजर २ आणि ५ ला. दिवा नाही, बोलणं नाही, लाड नाहीत. तीन रात्री कोरड्या गेल्या की गजर २० मिनिटं पुढे. पाणी दिवसभर मोकळं, फक्त साडेनऊनंतर उचलायचं. त्याहून जास्त पाणी तोडू नका. तहानलेलं पिल्लू मिळेल तेव्हा ढसाढसा पितं आणि वेळापत्रकच कोलमडतं.

दूध-पोळी पूर्ण बंद. गाई-म्हशीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना पातळ शी होते, आणि पातळ शी कुठल्याच पिल्लाला धरता येत नाही.

११ वा आठवडा: १४ ॲक्सिडेंट

आकडा वाढला. तारखा आणि जागा समोर ठेवल्यावर दोन कारणं सापडली.

पहिलं, स्वयंपाकघराच्या दारातलं काथ्याचं पायपुसणं. चौदापैकी पाच तिथे. डोळे मिटून त्यावरून अनवाणी पाय फिरवला तर लॉनसारखंच खरखरीत लागतं. घरातली सगळी पायपुसणी महिनाभर माळ्यावर.

दुसरं कारण मोठं: पोछा. शूवरून नेहमीचा पोछा फिरला आणि तोच पुढे अख्ख्या हॉलभर. माणसाला फिनाइलचा वास येतो, कुत्र्याला त्याखालचा शूचा. आता क्रम असा:

जुन्या सुती कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. कापड दाबून धरायचं, बदलायचं, पुन्हा दाबायचं. मग एन्झाइमवालं (शूचा वास मुळापासून मोडणारं) क्लीनर, डागाच्या कडेबाहेर चार बोटं जाईल इतकं, आणि १५ मिनिटं ओलं राहू द्यायचं. फवारून लगेच पुसलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. ‘काही उपयोग होत नाही’ या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच. फरशीपेक्षा सांध्यात जास्त मुरतं, त्यामुळे सांधे भिजले पाहिजेत. क्लीनर संपलं असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान चालेल, पण संगमरवर, कोटा किंवा शहाबादी असेल तर अजिबात नाही. आम्लाने दगडाची चकाकी जाते. अमोनियावालं काहीही नको, शूला तोच वास असतो. ब्लीच शूवर ओतलं तर घातक वाफा निघतात.

रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्च फिरवला. टीव्हीच्या स्टँडमागे तीन फिकट पिवळसर डाग चमकले, एकही वहीत नव्हता. तिन्ही धुतल्यावर त्या कोपऱ्यात पुन्हा काही झालेलं नाही.

नाक घासणं, ओरडणं, पेपराची गुंडाळी: नको. पिल्लू त्यातून ‘माणसासमोर शू करायची नाही’ एवढंच शिकतं. मग ते पलंगाखाली जातं आणि ट्रेवर तुम्ही उभे असाल तर धरून ठेवतं. चालू असताना दिसलं तर एक हलकी टाळी, उचलायचं, ट्रेवर.

१२-१३ वा आठवडा: १६, मग ३

सोळामधले बारा दोन दिवसांत: थेंब थेंब, दर दहा मिनिटांनी, बसल्यावर जोर लावत. ही शिस्तीची चूक दिसत नाही, मूत्रमार्गाचा संसर्ग दिसतो. माद्यांत जास्त आढळतो. सकाळची पहिली शू पसरट बशीत धरली, झाकणाच्या स्वच्छ डबीत भरली आणि तासाभरात डॉक्टरांकडे. संसर्गच होता. औषधाच्या तिसऱ्या दिवशी आकडा शून्यावर. वेळापत्रक नीट चाललेलं असताना अचानक बिघडलं, तर शिकवणं थांबवून आधी तपासणी.

१५ वा आठवडा: १

रात्री ११ ते साडेपाच सलग. शू लागण्याआधीच्या खुणा आता ओळखीच्या झाल्यात: खेळणं अर्धवट टाकणं, नाक खाली, गोल फेरी, आणि मिरीची खास खूण म्हणजे बाल्कनीच्या दाराकडे एक नजर टाकून परत येणं. ती पहिली नजर दिसली की उठायचंच; दुसरी मिळेल याची खात्री नाही. सात कोरड्या दिवसांमागे एक खोली मोकळी, आत्तापर्यंत हॉल आणि स्वयंपाकघर.

१७ वा आठवडा: ४

चारही गणपतीच्या पाहुण्यांच्या पायाशी. हे शिकवणीत मोडत नाही. आनंदाने किंवा दबून सुटलेली शू पिल्लाच्या हातात नसते, आणि रागावलं की वाढते. पाहुणे यायच्या आधी ट्रेवर नेणं, पाहुण्यांनी पहिली पाच मिनिटं बघायचंही नाही, मग वरून वाकण्याऐवजी खाली बसून छातीला हात. दुसऱ्या दिवसापासून कोरडं.

सोळाव्या आठवड्यातला डोस झालाय, डॉक्टरांनी शनिवारपासून खाली न्यायला हो म्हटलंय. लिफ्टमध्ये कडेवर, कारण थांबलेली लिफ्ट म्हणजे पिल्लांची आवडती जागा. ट्रेमधला वासाचा लॉनचा तुकडा पिशवीतून खाली न्यायचा, कंपाउंडमधल्या ठरलेल्या गवतावर ठेवायचा, पट्टा धरून पाच मिनिटं एकाच जागी उभं राहायचं. झाली नाही तर वर, दहा मिनिटं क्रेट, पुन्हा खाली. झाली की खाऊ आणि त्यानंतर फेरफटका. शू झाल्या झाल्या घरी आणलं तर हुशार पिल्लू फिरणं लांबवायला धरून ठेवायला शिकतं. बाल्कनीतला ट्रे पावसाळा संपेपर्यंत तसाच राहणार. नोंदीत फक्त ‘वर’ आणि ‘खाली’ असे दोन रकाने वाढतील.