हुकूम त्यांचा, घोर आपल्या जिवाला

१५ ऑगस्ट, रात्री

झेंडावंदनानंतर सोसायटीत पोहे खाताना एका शेजाऱ्याने विचारलं, "साहेब, २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं तेही आजच्याच तारखेला ना? अमेरिकेने वीस वर्षं शिकवलेली अफगाण फौज अशी कशी विरघळली?" तेवढ्यापुरतं काहीतरी बोललो. पण प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना. परक्या फौजेला शिकवायचं काम मी स्वतः केलंय.

देशाचं नाव लिहीत नाही. मित्रदेश होता, आमच्या ट्रेनिंग टीमला त्यांनी मानाने वागवलं. माझं काम एका बटालियनला सल्ला देण्याचं. आपल्या पलटणीत सुभेदार साहेबांच्या कानावर घातलं की संध्याकाळपर्यंत काम झालेलं असे. तिथे कंपनी कमांडर आदबीने "येस सर" म्हणायचा आणि पान हलायचं नाही.

भेट म्हणून आलेले नवे रेडिओ सेट स्टोअरमध्ये पेटीबंद पडून होते. पेट्यांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्याही कापल्या नव्हत्या. गस्तीवरची पोरं आपापल्या मोबाईलवर बोलायची, दरीत उतरली की रेंज गायब. मी महिनोन्महिने मागे लागलो. शेवटी एकदा चहा पिता पिता स्टोअरकीपरने वही उघडून दाखवली. प्रत्येक सेटपुढे कंपनी कमांडरची सही. सेट हरवला किंवा मोडला तर पैसे त्याच्या पगारातून कापणार, बढतीही अडकणार. गस्त फसली तर मात्र त्याला जाब विचारणारं कोणी नाही. मग तो पेटी उघडेल कशाला?

हे सगळं मी रिपोर्टात लिहिलं. रिपोर्टाच्या नमुन्यात रकाने दोनच: सेट पोहोचले का, ट्रेनिंग झालं का. दोन्हींपुढे 'होय'. बाकीचा मजकूर वर जाता जाता गळाला. ती वही बदलणं राजधानीतल्या लोकांच्या हातात होतं आणि तिथे हा विषय काढायला कोणी तयार नव्हतं, संबंध बिघडतील म्हणून. सगळ्यात जास्त लागलं ते हे. पोरं चांगली होती, काटक होती, शिकवलेलं पटकन उचलायची.

आज दुपारी पुन्हा व्हिएतनाम युद्धातली आप बाकची लढाई वाचत बसलो. २ जानेवारी १९६३, मेकाँगच्या मुखाजवळची भातखाचरं. व्हिएतकाँगचे, म्हणजे कम्युनिस्ट गनिमांचे, साडेतीनशेच्या आसपास लोक, समोर दक्षिण व्हिएतनामचं चौपट सैन्य, सोबत एम-११३ चिलखती गाड्या. अमेरिकन सल्लागार लेफ्टनंट कर्नल जॉन पॉल व्हॅन छोट्या टेहळणी विमानातून घिरट्या घालत रेडिओवर जीव तोडून सांगतोय, पुढे सरका. गाड्या तासन् तास रेंगाळल्या. पाच अमेरिकन हेलिकॉप्टरं पडली, रात्री व्हिएतकाँग निसटले. लोक याला भित्रेपणा म्हणतात, मला ते पटत नाही. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष दिएम यांना सैन्य हवं होतं ते मुख्यतः बंडापासून स्वतःची खुर्ची राखायला. ज्याची माणसं जास्त पडतील त्या अधिकाऱ्यावर त्यांची खप्पामर्जी व्हायची. म्हणजे वही तीच! आणि राजधानी सायगावहून तिथल्या अमेरिकन फौजांचे प्रमुख जनरल हार्किन्स यांनी या लढाईला विजय म्हटलं.

अफगाणिस्तानात फौज कागदावर तीन लाख. हजेरीपटावरचे कित्येक जवान प्रत्यक्षात नाहीतच, त्यांचे पगार मात्र उचलले जातात, असं अफगाण मदतीचा हिशोब तपासणारे अमेरिकेचेच महानिरीक्षक वर्षानुवर्षं अहवालांत लिहीत होते. वैमानिकांच्या हातात बसलेली रशियन 'एमआय-१७' हेलिकॉप्टरं हळूहळू बाजूला सारून त्यांना अमेरिकन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं दिली. देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे. २०२१ मध्ये कंत्राटदार निघून गेले आणि एकेक यंत्र जमिनीला खिळत गेलं. तिथल्या सल्लागारांना हे दिसत नव्हतं, असं मी मानणार नाही. त्यांनी लिहिलं असणार, आणि ते वर जाता जाता गळालं असणार.

त्या सैनिकांना कोणी पळपुटे म्हटलं की संताप येतो. वीस वर्षांत त्यांचे सैनिक आणि पोलीस मिळून ६० हजारांहून जास्त मारले गेले. आपल्या खडकवासल्यालाही अफगाण कॅडेट शिकून गेलेत.

आमच्या पलटणीतला एक मेजर अशाच पोस्टिंगवर निघालाय. सोबत काय नेऊ, विचारत होता. उद्या फोन करून सांगणार आहे: प्रेझेंटेशनं राहू देत. पहिल्या आठवड्यात स्टोअरकीपरपाशी बस आणि सामान मोडलं तर कोणाचा पगार कापतात ते विचारून घे. हजेरीपटावरची माणसं आणि लंगरात जेवणारी माणसं ताडून बघ. जे दिसेल ते तारखेनिशी लिहून वर पाठव, त्यासाठी रकाना नसला तरी. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठव.