आमची वाटचाल : पावसाळा ओलांडलेली कुंडी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याच्या पुढे, भाड्याच्या जागेत आम्ही दोघी बहिणी रोपवाटिका चालवतो. जरबेरा, शेवंती, गलांडा, कोरिऑप्सिस अशी सूर्यफुलाच्या कुळातील बहुवर्षायू झाडे कुंडीत वाढवणे हे आमचे मुख्य काम आहे. सुरुवातीला आमचाही धंदा इथल्या रिवाजाप्रमाणेच चाले. दिवाळीनंतर पुण्याकडून फुलांवर आलेल्या कुंड्यांचे टेंपो मागवायचे, फेब्रुवारीपर्यंत माल विकायचा आणि उन्हाळ्यात शोभेच्या पानांच्या झाडांवर दिवस काढायचे. त्यात तोटा नव्हता. परंतु आजूबाजूच्या टॉवरांमधील गिऱ्हाइके दर वर्षी तीच तक्रार घेऊन येत, की वर्षानुवर्षे टिकणारे म्हणून दिलेले झाड जुलैत कुजले. त्या तक्रारीतूनच आमच्या व्यवसायाची दिशा ठरली. ज्या झाडाने आमच्याकडे कुंडीत निदान एक पावसाळा काढला आहे, तेच आम्ही बहुवर्षायू म्हणून विकतो आणि बाकीच्यांवर ‘हंगामी’ अशी चिठ्ठी लावतो.

ही झाडे मूळची फार वेगळ्या हवेतील आहेत. जरबेरा दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टनच्या डोंगराळ भागातला; गलांडा आणि कोरिऑप्सिस अमेरिका खंडातील मोकळ्या गवताळ माळांवरचे. थंड देशांत अशा झाडांची परीक्षा हिवाळ्यात होते. ठाण्यात हिवाळा हाच त्यांचा सुखाचा काळ असतो आणि परीक्षा जून ते सप्टेंबरमध्ये होते, कारण चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा सतत दमट असते आणि कुंडी आठवडेच्या आठवडे वाळत नाही.

जरबेऱ्याची सगळी पाने आणि फुलांचे दांडे जमिनीलगतच्या एकाच गाभ्यातून निघतात. या गाभ्याला बागायतदार ‘क्राऊन’ म्हणतात. तो मातीत गाडला गेला किंवा त्यात पाणी साचले, तर बुरशी लागून झाड आतून कुजते आणि वरची पाने हिरवी दिसत असल्यामुळे ते चटकन लक्षात येत नाही. म्हणून आम्ही लावतानाच क्राऊन मातीच्या एक-दोन सेंटिमीटर वर ठेवतो. पावसाळ्यात आमच्याकडे कामाला असलेल्या मावशी रोज सकाळी रांगेतून फिरत प्रत्येक झाडाचे बाहेरचे एक पान हलकेच ओढून पाहतात. पान तपकिरी बुडासकट अलगद हातात आले, तर ती कुंडी त्याच क्षणी रांगेतून बाहेर जाते. फूलसुद्धा आम्ही कात्रीने कापत नाही. दांडा बुडाशी धरून, किंचित पिरगाळून पूर्ण काढतो, कारण मागे राहिलेला तुकडा कुजून तीच बुरशी गाभ्यापर्यंत पोहोचते. नवीन गिऱ्हाइकाला हे करून दाखवताना मावशी ‘ताई, घाबरू नका, ओढा’ असे म्हणतात, तरी बहुतेक जणींचा पहिल्यांदा हात धजावत नाही.

मातीतही बदल करावा लागला. बाजारातल्या कुंड्यांमध्ये रोपाभोवती लाल मातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात रोप हलू नये यासाठी तो ठीक, पण पावसाळ्यात त्यातून पाणी निचरत नाही. आम्ही दोन भाग धुतलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, आणि प्रत्येकी एक भाग लाल माती, गांडूळखत व विटांचा बारीक चुरा असे मिश्रण वापरतो. कोकोपीट धुतले नाही, तर त्यातील क्षार मुळांना बाधतात. सर्वांत मोठा खर्च मात्र छपराचा झाला. २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद वर ताणून चारही बाजू मोकळ्या ठेवल्या, कारण पाऊस अडवला आणि वारा कोंडला तर उपयोग काहीच होत नाही. कुंड्या लोखंडी मांडणीवर ठेवलेल्या असतात.

शेवंतीचे गणित निराळे आहे. पावसापासून तिला जपावे लागतेच, पण तिच्या कळ्या धरतात त्या रात्री मोठ्या होऊ लागल्यावर, आणि रात्रीचा अंधार सलग मिळाला तरच. एका सोसायटीतील गिऱ्हाइकाची शेवंती उत्तम वाढूनही डिसेंबरपर्यंत कळीवर आली नव्हती. तिच्या डोक्यावर गच्चीचा दिवा रात्रभर जळत असे. कुंडी दिव्यापासून दूर ठेवायला सांगितली आणि त्याच झाडाला उशिरा का होईना, कळ्या धरल्या. तेव्हापासून शेवंती देताना गॅलरीत रात्री दिवा असतो का, हे आम्ही आधी विचारतो. घोडबंदर भागात टँकरच्या पाण्याचाही प्रश्न विचारावा लागतो, कारण पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे, असेल तर जरबेऱ्याला मातीतले लोह घेता येत नाही आणि शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात.

पावसाळ्यात कुंड्या सांभाळण्याची सेवा गिऱ्हाइकांच्याच आग्रहामुळे सुरू झाली. कुंडीखाली बशी ठेवली तर पाणी साचून डास होतात, न ठेवली तर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी पडून भांडणे होतात. त्यामुळे अनेक जण मेअखेरीस कुंड्या आमच्या छपराखाली आणून सोडतात आणि नवरात्राच्या सुमारास घेऊन जातात. महिन्याचे भाडे माफक असले, तरी विक्री थंडावलेल्या काळात मावशींचा पगार त्यातूनच निघतो. पिठ्या ढेकूण लागलेली कुंडी आम्ही स्वच्छ केल्याशिवाय आत घेत नाही, मग गिऱ्हाईक कितीही जुने असो.

काही झाडे आम्ही विकायचे नाकारतो. पांढऱ्या पाकळ्यांची शास्ता डेझी, जी ल्यूथर बरबँक यांनी १९०१ साली अमेरिकेत बाजारात आणली, तिला इथे थंडी पुरत नाही; मागणी असूनही ती ठेवत नाही. याउलट जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया इथे कशालाच जुमानत नाही आणि नेमके तेच तिचे वाईट आहे. ती जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. येऊरचे जंगल आमच्यापासून इतके जवळ असताना ती विकणे आम्हाला पटत नाही. ठाणे महापालिकेच्या वृक्षवल्ली प्रदर्शनात आलेले लोकही सर्वांत आधी टिकाऊ झाडच मागतात. त्यांना आम्ही गलांडा सुचवतो. तो दोन-तीन वर्षांत थकतो, पण तोवर उन्हात भरभरून फुलतो आणि जुन्या झाडाच्या बुडाचे फुटवे वेगळे करून नवी कुंडी होते.

सध्या शेवंतीचे शेंडे खुडणे चालू आहे. खुडलेल्या शेंड्यांपासून केलेली रोपे सहा इंची कुंड्यांत लावली आहेत. ती यंदा ‘हंगामी’ याच चिठ्ठीने विकली जातील; ज्यांचे शेंडे खुडले, त्या मागच्या वर्षीच्या मूळ झाडांच्या कुंड्या थोड्याच आहेत आणि त्यांची नोंदणी गणपतीनंतर सुरू होईल.