पद्मिनीचं हेड, हप्ता तिसरा: चीर बंद, बुडबुडे चालू

मंडळी, हेड (इंजिनच्या ब्लॉकवर बसणारं वरचं झाकण) वेल्डिंग होऊन आलंय, पण गाडीवर अजून चढलेलं नाही.

नव्यांसाठी थोडक्यात: १९८२ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. मे महिन्यात आंबा घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, मी घाईघाईनं रेडिएटरमध्ये गार पाणी ओतलं आणि हेडला चीर गेली. शहाणपणा माझाच.

उघड्या डोळ्यांना चीर ३० मिमी दिसत होती. डाय पेनिट्रंटचा (चिरेत झिरपणारा) लाल रंग मारला, दहा मिनिटं थांबून पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला, तर लाल रेघ उमटली ४५ मिमीची. टोकं कळल्यावर दोन्हीकडं ३ मिमीची भोकं पाडली, म्हणजे चीर पुढं पळत नाही. मधली खाच कार्बाइड बरनं काढली. ग्राइंडिंगचा दगड नको, तो ॲल्युमिनियमनं भरतो आणि त्याची खर धातूत रुतते.

मग कोल्हापूरचं उद्यमनगर. मिस्त्रींनी टिग वेल्डिंगचा (आर्गॉन वायूच्या आवरणात, विजेच्या ठिणगीनं) पहिला टाका घातला आणि लगेच टॉर्च बाजूला केली. टाक्यावर काळे ठिपके, टाचणीच्या टोकाएवढी भोकं.

"चाळीस वर्सं त्याल प्यालंय मालक, आता वकतंय."

टाका खरवडून काढला. हेड भट्टीत तापवायचं, पाझरलेलं तेल पुसायचं, थिनरनं धुवायचं, वाळवून परत तापवायचं. दोन दिवस हेच. एका मित्रानं कॉस्टिक सोडा सुचवला होता. अजिबात वापरू नका, तो ॲल्युमिनियमच खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. शेवटी स्टीलचा कोरा ब्रश. लोखंडावर चाललेला ब्रश इथं चालत नाही.

खरं वेल्डिंग जेमतेम चाळीस मिनिटांचं. एसी करंट, आर्गॉन, ४०४३ची कांडी (५ टक्के सिलिकॉनवाली), हेड आधी १८० अंशांपर्यंत तापवलेलं. तापमान ठरावीक अंशाला वितळणाऱ्या खडूनं बघितलं, कारण चकचकीत ॲल्युमिनियमवर लेझरवाली बंदूक काहीच्या बाही आकडा दाखवते. एसीच का? धातू ६६० अंशांच्या आतच वितळतो, पण त्यावरची ऑक्साइडची साय २००० पार झाल्याशिवाय नाही. एसीचा एक अर्धा फेरा ती साय फोडतो, दुसरा धातू वितळवतो. नंतर हळूहळू गार व्हायला रात्रभर राखेच्या पिंपात.

"कोल्हापुरात राहतोस, नवीनच ओतून घे की," असं निदान सहा जणांनी ऐकवलं. अरे, शिरोलीत ओतकाम ढीगभर आहे, पण ते मुख्यतः बिडाचं. आणि हेडच्या आतल्या पाण्याच्या वाटांसाठी एका नगापायी पॅटर्न आणि कोअर बॉक्स (ओतकामाचे साचे) करायचे म्हणजे अशा दोन पद्मिन्या येतील!

काल पाण्याची भोकं रबर आणि पट्ट्यांनी बंद करून हेड गरम पाण्यात बुडवलं, आत २ बार हवा सोडली. आमचा टाका कोरडा ठाक. पण थर्मोस्टॅटच्या तोंडाशी बुडबुड्यांची बारीक माळ वर यायला लागली. मिस्त्री वाकून बघत म्हणाले, "ह्ये आपलं न्हवं." तिथं खरवडल्यावर रंगाखालून कुणीतरी कधीकाळी थापलेला एपॉक्सी निघाला, आणि त्याच्याखाली पाण्यानं खाऊन चाळण झालेलं ॲल्युमिनियम.

सरळ पट्टी आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हेड ०.१२ मिमी वाकडं दाखवतंय. सरफेस ग्राइंडिंग (घासून सपाट करणं) तूर्त थांबवलंय, दुसऱ्या वेल्डिंगनं ते अजून ओढेल. सोमवारी परत भट्टी.