दोन पंचमांश

त्या संध्याकाळी पहिल्याच तासाला मी एका ताईंना सगळ्यांदेखत फटकारलं. उतारा वाचताना त्या तिसऱ्यांदा ‘पानी’ म्हणाल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, इतक्या दिवसांत एक ण जमू नये?” त्या गप खाली बसल्या. बाहीवर वाळलेलं पीठ नखानं काढत राहिल्या.

मुंबईतल्या एका रात्रशाळेत मी दहावीला मराठी शिकवते. वर्गात कुरिअर वाटणारा १७ वर्षांचा पोरगा आहे, तशा चाळिशीतल्या या ताईही. पहाटे पाचपासून त्या पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात. त्यांच्या गावाकडे सगळेच ‘पानी’ म्हणतात. ती बोली आहे, चूक नव्हे, हे मी बी.एड.ला शिकले आहे. पण परीक्षा जवळ आली की मला ते आठवत नाही.

संमेलनात पोरांना ‘ती फुलराणी’तला एक प्रवेश करायचा होता. पु.लं.चं हे १९७५चं नाटक. भक्ती बर्वेंची मंजुळा यातल्या बहुतेकांनी मोबाइलवरच पाहिलेली. वर्ग अवघडला होता, म्हणून म्हटलं, आज व्याकरण राहू दे, पु.लं.नी हे ज्यावरून घेतलं, त्या बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या इंग्रजी नाटकाची गोष्ट सांगते.

लंडनची फुलवाली एलायझा आणि उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स. सहा महिन्यांत हिला सरदारघराण्यातली बाई म्हणून खपवतो, ही त्याची पैज. लोक एवढीच गोष्ट लक्षात ठेवतात. पण नाटकात एलायझा दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी त्याच्या दारी येते. तिला रस्त्याच्या कोपऱ्यावर नाही, फुलांच्या दुकानात काम करायचंय, आणि बोलणं नीट नाही म्हणून तिला कुणी ठेवून घेत नाही. ती शिकवणीची फी देऊ करते, एक शिलिंग. हिगिन्स हिशेब घालतो : हिची दिवसाची कमाई अडीच शिलिंग, म्हणजे ही मला दिवसाच्या कमाईतले दोन पंचमांश देते आहे. एवढी मोठी फी त्याला कुणीच देऊ केलेली नसते.

“दोन पंचमांश म्हणजे किती, बाई?” ताईंनी विचारलं. मघापासून पहिल्यांदाच बोलल्या. त्यांचा रोज ४५० रुपये. फळ्यावर मांडून दाखवलं, १८०.

त्या फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “शाळेसाठी मी संध्याकाळची दोन घरं सोडली. तेवढंच जातंय की माझं.”

कुणी काही बोललं नाही. मी खडू हातात धरून उभी. हजेरीपटावर त्यांच्या उशिरा येण्याच्या लाल खुणा माझ्याच हातच्या होत्या.

पुढची गोष्ट मी जरा घाईनं सांगितली. पैज जिंकल्यावर हिगिन्स तिच्याशी धड बोलतसुद्धा नाही. ती सपाता फेकून मारते आणि विचारते, आता माझं काय होणार? इथे पोरांना हिगिन्स-एलायझाचं लग्न हवं होतं. १९१४च्या लंडनच्या प्रेक्षकांनाही हवं होतं. पडदा पडण्याआधी हिगिन्सचं काम करणारा नट एलायझाकडे फुलं फेकायचा, आणि शॉला ते अजिबात खपायचं नाही. शेवटी त्यानं नाटकाला जोडून पुढची हकिकत लिहिली : एलायझा तिच्यावर जीव टाकणाऱ्या फ्रेडी नावाच्या तरुणाशी लग्न करते आणि फुलांचं दुकान टाकते. दुकान आधी चालत नाही, कारण दोघांनाही हिशेब येत नाहीत. मग दोघं संध्याकाळच्या वर्गांत जाऊन हिशेबवही आणि टायपिंग शिकतात. मला हा शेवट लग्नापेक्षा केव्हाही जास्त गोड वाटतो.

“म्हणजे ती पण रात्रशाळेत गेली की!” ताई हसल्या.

मी विचारलं, “तुम्हाला काय करायचंय शिकून?” जूनपासून त्या माझ्यासमोर बसत होत्या आणि हे मी आज विचारत होते.

त्यांना काही विचार करावा लागला नाही. “आमचा बचत गट आहे. बँकेत साहेब काही विचारायला लागले की मी दुसरीला पुढं करते. मला पुढं उभं राहायचंय. आणि अर्ज आपल्या हातानं लिहायचाय.”

“मघाशी माझं चुकलं,” मी म्हणाले.

“असू द्या, बाई. अर्जाचं सांगा.”

उरलेला सगळा तास अर्जाचाच झाला. कुरिअरवाल्या पोरानं मायना सांगितला, रोज पाकिटं हाताळून त्याला पाठ होता. रक्कम अंकी आणि अक्षरी, गटाचा खातेक्रमांक, खाली तिघींच्या सह्यांना जागा. पहिला कागद खाडाखोडीत गेला, दुसरा नीट उतरला.

साडेनऊला शिपाई कुलूप घेऊन दारात आला तेव्हा त्या उभ्या राहून वाचत होत्या. “विषय : कर्जमागनी अर्ज.” थांबल्या. जिभेचं टोक वर वळवून टाळूला लावून पाहिलं, आवाज न काढता, दोनदा. मग पहिल्यापासून वाचायला लागल्या. मी शिपायाला हातानंच थांब म्हटलं.

अर्ज त्यांनी डब्याच्या पिशवीत, तेल लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. बँक दहाला उघडते, तोवर पोळ्या आटपायच्या होत्या.